दात उंदराला द्यायचा

लहान पोराच्या पोटात गोष्ट राहत नाही, हे रघूत्तमाला कळायला मुलगी पहिलीत जावी लागली. कळलं त्या संध्याकाळी तो बांधावरून घरी आला होता, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात पक्कड. बायको, वेंकटलक्ष्मी, मागच्या दारात उभी होती. रोज ती पाय धुवायला पाणी घेऊन उभी असे. आज हात रिकामे होते.

"शाळेंतून बोलावणें आलें होतें," ती म्हणाली.

"काय म्हणून? मारामारी केली काय तिनें?"

"वर्गांत उभी राहून सांगितलें तिनें. आमचे अप्पा रात्रीं शेताला करंट लावतात. मणी कुत्रा त्याला चिकटून मेला. अप्पांनीं त्याला नारळाखालीं पुरला आणि पळून गेला म्हणून खोटें सांगितलें."

रघूत्तमाने पक्कड ओट्यावर ठेवली. खाली बसला आणि काडी घेऊन पोटरीवरचा चिखल खरवडू लागला, जसं काही त्यातच उत्तर लपलं आहे.

"तिनें पाहिलें कसें?"

"डोळे आहेत तिला. तुम्हांला वाटतें, पोर निजलें म्हणजे मेलें."

"आणि टीचर काय म्हणाली?"

"टीचर म्हणाली, पोरीनें सांगितलें तें खरें असेल तर आजच्या आज काढा. आज कुत्रें आहे, अम्मा, उद्यां कोण असेल सांगतां येत नाहीं. मी काय तोंड दाखवूं तिला? मान खालीं घालून आलें."

आता या घराविषयी थोडं सांगायला हवं. इन्नंबूर गावात मराठी बोलणारं घर हे एवढंच. यांचे पूर्वज म्हणे कुठल्याशा राजाच्या घोड्यांमागून तंजावरला आले. राजा गेला, घोडे गेले, कालव्याकाठचा भाताचा एक तुकडा राहिला. उंबऱ्याच्या आत मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, असं पिढ्यान् पिढ्या चाललेलं. रघूत्तम कष्टाळू माणूस. पण हट्टी, आणि त्याहून वाईट म्हणजे शेजाऱ्याकडे बघून चालणारा.

शेजारी म्हणजे स्वामीनाथ. याच्या बांधाला त्याचा बांध. पूर्वी भात पोटरीला आलं की उंदीर धरणारा म्हातारा यायचा, बांबूचे धनुष्यासारखे सापळे बांधावर लावायचा, सकाळी मोजून उंदीर न्यायचा. तो म्हातारा वारला. त्याची पोरं तिरुप्पूरला कापडाच्या कारखान्यात गेली. मग गेल्या साली स्वामीनाथाने पाण्याच्या मोटारीच्या खोपटातून वीज घेतली आणि शेताभोवती वीतभर उंचीवर उघडी तार फिरवली. कायद्याने मनाई, हे त्यालाही ठाऊक. त्याच्या शेतातले उंदीर काय मग काशीला जाणार? ते रघूत्तमाच्या शेतात आले. निम्मं भात कुरतडून आडवं केलं. यंदा रघूत्तमानेही आपल्या मोटारीवरून तार लावली. अंधार पडला की चालू, उजाडायच्या आत बंद. कुंपणच शेत खातं म्हणतात. हे कुंपण तर काहीही खायला बसलं होतं.

"उंदीर मेले की नाहीं, तें विचार," रघूत्तम म्हणाला.

"मेले. आणि मणीही मेला."

"कुत्र्याला कोणी सांगितलें होतें रात्रीं तिकडे जायला? स्वामीनाथाची तार गेल्या सालापासून आहे. काय झालें त्याला?"

"झालें म्हणजे काय होतें, तें झाल्यावर कळतें," वेंकटलक्ष्मी म्हणाली.

रघूत्तम उठला आणि आत गेला. स्फूर्ती जमिनीवर पालथी पडून वहीत मोठमोठी तमिळ अक्षरं काढत होती. सहा वर्षांची पोर. जीभ बाहेर काढून लिहायची. बापाला पाहून तिने वही वर केली, कौतुकासाठी.

त्याने वही बाजूला ठेवली. आवाज चढवला नाही, हेच वाईट झालं. तिच्याजवळ उकिडवा बसून, बाळाला म्हणतात तसं पाप्पा म्हणून, हळू म्हणाला, "पाप्पा, घरची गोष्ट शाळेंत सांगितलीस तर पोलीस येतील. अप्पाला घेऊन जातील. मग अप्पा येणार नाहींत. पाहिजे काय तुला तसें?"

पोरीने मान हलवली. नाही.

"मग उगी राहायचें. शाळेंत नाहीं, रस्त्यांत नाहीं, कोणालाच सांगायचें नाहीं. शरि?"

"शरि," ती म्हणाली.

वेंकटलक्ष्मी दारात उभी राहून ऐकत होती. तिने मध्ये पडायला हवं होतं. पडली नाही. नवऱ्याला पोलिसांनी नेलं तर, हे भय तिच्याही पोटात होतं.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा सौम्या टीचरने पहिलीच्या आईबापांना बाकांवर बसवून सांगितलं होतं. पोरांची बाकं, मोठ्यांचे गुडघे मावेनात, सगळे हसत होते. टीचर म्हणाली, "हे वर्ष सोपं नसतं, तुम्हालाही आणि त्यांनाही. घरी येतील ती दप्तर टाकून झोपतील, जेवायला उठवायला लागतील. मी सांगेन तो वेद, तुम्ही सांगाल ते खोटं, असं वर्षभर चालेल, रागवू नका. दात पडतील, गणवेशाला रक्त लागेल, घाबरू नका. आणि घरात जे चालतं ते सगळं माझ्या कानावर येईल. तेव्हा भांडायचं असेल तर जपून भांडा." पुन्हा हशा पिकला. मग जरा थांबून ती म्हणाली, "एकच सांगते. बोलणारं पोर बोलायचं थांबलं, तर मात्र त्याच दिवशी माझ्याकडे या."

वेंकटलक्ष्मीला ते सगळं आठवत होतं. एकेक तसंच घडत गेलं होतं. पोर दप्तरावरच झोपायची. डाव्या हाताने पाणी प्यालं तर टीचर रागावते म्हणून बापाला दटावायची. आणि दिवाळीच्या सुमारास खालचा पुढचा दात हलू लागला.

तेव्हा केवढी मिरवली होती. येईल त्याला तोंड उघडून दाखवायची. एक दिवस शाळेतून आली ती वाद घेऊनच.

"आई, कल्याणराम म्हणतो दात शेणांत घालून छपरावर टाकायचा."

कल्याणराम म्हणजे स्वामीनाथाचा नातू; आजोबाला ताथा म्हणणारा. तिच्याच वर्गात, पुढच्या बाकावर.

"त्यांची रीत ती," वेंकटलक्ष्मी म्हणाली. "आपली रीत उंदराची. उंदराच्या बिळाशीं दात ठेवायचा आणि म्हणायचें, उंदीरमामा, माझा दात घे, तुझा दात दे. उंदराचे दात पाहिलेस? बारीक, पांढरे, कांहींही कुरतडतात. तसला दात येतो."

"छपरावर टाकला तर?"

"छपरावर कोण आहे? कावळा. कावळ्याला दात आहेत काय?"

पोर खदखदून हसली. वेंकटलक्ष्मीलाही बरं वाटलं. तिच्या आजीने तिला असंच सांगितलं होतं. तेव्हा घर मातीचं होतं, कोनाड्यामागेच बीळ होतं. आता घराला फरशी आली, भिंतींना सिमेंट आलं. उंदीर राहिले ते बांधावर. हे तिच्या मनात त्या वेळी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोर सांगत आली, "मी कल्याणरामाला सांगितलें, कावळ्याला दात नाहींत. तोही आतां उंदरालाच देणार आहे. त्याचाही हलतो."

आणि आता हीच पोर गप्प झाली. आधी वाटलं, दोन दिवसांनी विसरेल. ती विसरली नाही. शाळेतून यायची, दप्तर खुंटीला लावायची, हातपाय धुवायची. काय शिकवलं विचारलं तर म्हणायची, "शिकवलें." जेवण झालं विचारलं तर, "झालें." रघूत्तमाला वाटलं, पोरगी शहाणी झाली. वेंकटलक्ष्मीच्या जिवाला घोर लागला. संध्याकाळी बाप पक्कड घेऊन बाहेर पडला की पोर ज्या नजरेने त्याच्याकडे बघायची, ती नजर तिला बघवेना.

टीचरने पुन्हा बोलावलं. "स्फूर्ती वर्गात तोंड उघडत नाही. प्रश्न विचारला की माझ्याकडे बघत राहते. घरी काही झालं का?"

"थंडी बाधली आहे," वेंकटलक्ष्मी तमिळमध्ये म्हणाली.

"आणि ती तार?"

"काढली."

खोटं बोलून ती बाहेर आली तेव्हा आभाळ भरून आलेलं होतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात पाण्यात उभं होतं, आणि त्या पाण्याकडे बघत ती रस्त्यातच थांबली. ओली जमीन, उघडी तार. हे काय तिला कुणी शिकवायला हवं होतं?

डिसेंबरमध्ये मार्गळीचा महिना लागला. पहाटे धुकं, देवळातल्या कर्ण्यावर आंडाळची पदं, पासुरम्, दारोदार बायका वाकून पिठाची रांगोळी, कोलम, काढायच्या. अशात तिरुभुवनमहून निरोप आला की रघूत्तमाच्या बहिणीच्या नवऱ्याला मागावर बसल्या बसल्या चक्कर आली, दवाखान्यात ठेवलं आहे. रघूत्तम संध्याकाळीच निघाला. निघताना शेताकडून आला.

"तार लावली आहे. रात्रीं मी तिकडेच राहीन. पहाटे तूं खोपटांत जाऊन खटका खालीं ओढ."

"आजच्या रात्रीं नाहीं लावली तर काय बिघडेल?"

"एका रात्रींत काय खातात तें तुला ठाऊक नाहीं. खटका खालीं ओढायचा, एवढेंच. तारेकडे जाऊं नकोस."

"मी त्या खटक्याला हात लावीन वाटलें काय तुम्हांला?"

"न लावून जाशील कोठें?" असं म्हणून तो मोटारसायकलवर बसला. ओटीवर उभ्या स्फूर्तीच्या गालाला हात लावायला वाकला, तर पोर मागे सरली. त्याला लागलं ते. पण घाईत होता.

रात्री वेंकटलक्ष्मीला धड झोप लागली नाही. पहाटे उठली, अंगण सारवलं, कोलमला बसली. आधी खटका, मग कोलम, असं मनात होतं. पण शेजारणींनी कोलम काढले होते, आपलं दार मोकळं दिसतंय, एवढं आटपू आणि जाऊ, असं तिने केलं. माणसाची बुद्धी कशी चालते बघा. पोर आत निजली आहे, उजाडायला वेळ आहे, घाई कशाची.

ठिपके झाले, रेघा झाल्या. पीठ संपलं म्हणून ती आत गेली. स्फूर्तीची चटई रिकामी होती. न्हाणीत नव्हती. मागच्या दाराची कडी काढलेली. चुलीशेजारी पितळी पेला होता, त्यात चूळ भरलेलं पाणी, आणि पाण्यात रक्ताचे धागे.

वेंकटलक्ष्मी पेल्याकडे बघत राहिली. मग तिला कळलं. दात पडला होता. पोरीने आईला हाक मारली नव्हती, कारण कुणालाच काही सांगायचं नाही असं ठरलं होतं. आणि दात कुठे न्यायचा, ते आईनेच सांगून ठेवलं होतं.

ती धावली. अनवाणी, पदर खोचलेला नाही, तोंडातून आवाज नाही. कालव्याच्या पुलावर आली तेव्हा वाट दोन बाजूंना फुटली. उजवीकडे बांध, धुक्यात काही दिसेना. डावीकडे मोटारीचं खोपट. सगळा जीव उजवीकडे ओढत होता. हाक मारावी, तर पोर दचकून पुढे पाऊल टाकील. बांधावर धावावं, तर तार कुठे आहे ते तिलाच दिसणार नाही. देवा पेरुमाळा, म्हणत ती डावीकडे वळली. ते चार ढेंगा चालणं तिला जन्मभर पुरेल. खोपटात अंधार. हात भिंतीवरून फिरवत तिने खटका शोधला, खाली ओढला, तेवढ्याने भागेना म्हणून तारेची जोडणी धरून उपसली. मग ती हाका मारत बांधाकडे सुटली.

स्फूर्ती बांधावर बसली होती. तार तिच्या गुडघ्यापासून हातभर. उजवी मूठ आवळलेली, ओठावर वाळलेलं रक्त. तारेच्या कडेने उंदीर पडले होते, एक, मग थोड्या अंतरावर दोन, मग पुढे आणखी. बोटभर पाण्यात, पोटं वर.

आईने तिला उचललं, छातीशी धरलं आणि चिखलातच बसली. किती वेळ, कोण जाणे.  मग पोर कानाशी हळूच म्हणाली, "आई, सगळे मेले आहेत."

"कोण?"

"उंदीरमामा. प्रत्येक बिळाशीं पाहिलें. जिवंत एकही नाहीं. मेलेल्याला दात दिला तर तो मला दात कुठून देणार?"

म्हणून तिने दात ठेवायला हात पुढे केला नव्हता. सबंध बांध फिरली होती, एखादा जिवंत उंदीर दिसतो का ते बघत, तारेच्या कडेकडेने. वेंकटलक्ष्मीने ते ऐकलं. पोरीला बिलगून ती हमसून हमसून रडली.

रघूत्तम सकाळी परतला तेव्हा दोघी ओट्यावर होत्या. आईच्या साडीला चिखल, दारात अर्धा कोलम. भाऊजींना बरं आहे, हे सांगत तो पुढे आला आणि त्याला साडी दिसली.

"काय झालें?"

"तिला विचारा," वेंकटलक्ष्मी म्हणाली. "स्फूर्ती, कोठें गेली होतीस सांग अप्पाला."

पोरीने बापाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटले. मूठ मागे लपवली.

"सांग की, पाप्पा," रघूत्तम म्हणाला.

"अप्पांनीं कोणालाच सांगायचें नाहीं म्हटलें आहे," ती म्हणाली. "नाहीं तर अप्पा जातील."

रघूत्तम बायकोच्या चिखलभरल्या पायांकडे बघत राहिला. मग त्याची नजर पोरीच्या ओठावरच्या रक्तावर गेली, तिथून मागच्या उघड्या दारावर. कुणी काही सांगावं लागलं नाही.  त्याने पक्कड घेतली आणि शेताकडे गेला.  तारेच्या मेढ्या उपटल्याचा आवाज कालव्यापलीकडून ऐकू येत होता.

तिने पोरीला न्हाऊ घातलं, वेणी घातली, गणवेश चढवला आणि बोट धरून स्वतः शाळेत घेऊन गेली. बांधावरून जवळची वाट होती. ती लांबच्या रस्त्याने गेली. स्वामीनाथाच्या शेताची तार रस्त्यावरून दिसत होती, दंवाने भिजलेली. दिवसा ती बंद असते, असं स्वामीनाथ म्हणतो.

वर्ग भरला होता. सौम्या टीचर फळ्यापाशी होती. वेंकटलक्ष्मी दारातच उभी राहिली आणि सगळ्या पोरांसमोर म्हणाली, "टीचर, मी तुमच्याशी खोटं बोलले. आमच्या शेताची तार काढली नव्हती. आज काढली. पोरगी बोलत नव्हती ती थंडीने नव्हे. आम्ही तिचं तोंड बंद केलं होतं."

स्फूर्तीने तिचा पदर ओढला. "आई, पोलीस येतील."

"येऊं देत," आई मराठीत म्हणाली. "तूं बोल. जें आहे तें सगळें बोल. मी येथें उभी आहें."

 टीचरने घाई केली नाही. मग स्फूर्तीने मूठ उघडली, दात दाखवला, आणि बोलू लागली. आधी एकेक शब्द, मग धरणाचं दार उघडावं तसं. पेल्यातलं रक्त, मेलेले उंदीर, चिखलात बसलेली आई, नारळाखालचा मणी, सगळं. मणीला पुरलं त्या रात्री बाप झोपेत रडला होता तेही सांगितलं. वेंकटलक्ष्मीला ते ठाऊकच नव्हतं. शेवटी दम घ्यायला थांबली आणि म्हणाली, "स्वामीनाथ ताथांच्या शेताला पण आहे. तिथले उंदीर पण मेले असतील. कल्याणराम, तू नको जाऊ."

पुढच्या बाकावर कल्याणराम बसला होता. त्याने तोंड उघडलं. खालच्या ओळीत, पुढेच, खिंड होती.

"माझा काल पडला," तो म्हणाला. खिशातून कागदाची पुडी काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. "ताथा म्हणाले छपरावर टाक. मी टाकला नाही. आज दिवे लागले की कुणाला न सांगता बांधावर जाणार होतो."

 वेंकटलक्ष्मी बाकाशी गेली आणि तिने हात पुढे केला. "मला दे, बाळा."

पोराने पुडी छातीशी धरली आणि टीचरकडे पाहिलं. पहिलीतलं पोर, टीचर सांगेल तो वेद.

"दे त्यांना," सौम्या टीचर म्हणाली. 

त्याने पुडी दिली. वेंकटलक्ष्मीने ती मुठीत धरली, स्फूर्तीला बाकावर बसवलं आणि स्वामीनाथाच्या घराकडे निघाली. तो ऐकेल की भांडेल, तिला ठाऊक नव्हतं. अजून सकाळ होती, आणि तार अंधार पडल्यावर लागते.